बोन्सायचं पाणी

माझं पहिलं बोन्साय पाण्याने गेलं. तहानेने नव्हे, पाण्याने. नवीन घर घेतलं तेव्हा एका मित्राने दिलेला वड होता. वीतभर उंच, उथळ ट्रेमध्ये, खोडाला छान पीळ. मी रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी न चुकता त्याला फुलपात्रभर पाणी घालायचो. जून गेला, जुलै गेला, बाहेर धो धो पाऊस, पण माझं फुलपात्र काही चुकलं नाही. खाली बशीत पाणी साचायचं, मला वाटायचं बरंच आहे, तेवढाच साठा! ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून गळली आणि एक दिवस खोड जरा हलवून बघितलं तर अख्खं झाड हातात आलं. मुळं काळी, कुजलेली.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, भिंतीतून उपटून टाकला तरी परत उगवतो तो वड. तू कुंडीत मारून दाखवलास!"

त्या लाजेपोटी वाचायला लागलो आणि बघता बघता झाडाचं राहिलं बाजूला, इतिहासातच शिरलो. (घरच्यांना हे नवीन नाही.)

बोन्साय म्हणजे उथळ भांड्यातली लागवड. 'बोन' म्हणजे तबक, 'साय' म्हणजे लावणं. कला मूळची चीनची, तिथे तिला पेनजिंग म्हणतात. जपानने ती घेतली आणि आपलीशी केली. आपल्याकडे वामनवृक्ष हा शब्दही छान आहे, पण त्यात फक्त उंची येते, भांडं येत नाही. आणि सगळी मेख त्या भांड्यातच आहे. जमिनीतल्या झाडाला पाणी कमी पडलं तर ते मुळं खोल पाठवतं. दोन-तीन बोटं खोलीच्या तबकातलं झाड कुठे पाठवणार? त्याचा पाऊस, त्याची विहीर, सगळं म्हणजे झारी धरणारा माणूस.

जपानी बोन्सायवाल्यांमध्ये एक म्हण आहे, 'मिझुयारी सान्नेन'. पाणी घालायला शिकायची तीन वर्षं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. तीन वर्षांत आमच्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होतो हो! पण थोडं खोलात गेल्यावर हसू ओसरलं. बागेत शेकडो झाडं. पाइनला जरा कोरडं चाललं तरी आवडतं, मेपलला चालत नाही. एकाच जातीची दोन झाडं, पण एक लहान भांड्यात, एक मोठ्या. एक वाऱ्यावर, एक आडोशाला. आज मंगळवार आहे हे झाडाला कळत नाही. म्हणून शिकाऊ मुलाने वेळापत्रक बघायचं नाही, प्रत्येक भांड्यापाशी जाऊन माती बघायची. अकादामा नावाची त्यांची दाणेदार ज्वालामुखी माती ओली असताना गडद दिसते, वाळली की फिकी पडते. आपल्याकडे विटांची चुरी वापरतात, तिचंही तसंच. रंगावरून समजलं नाही तर बोट किंवा काडी खुपसून बघायची.

आणि द्यायचं तेव्हा भरपूर द्यायचं. बारीक भोकांच्या झारीने, खालच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत. दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. पाणी खाली सरकतं तशी त्याच्यामागून ताजी हवा मातीत ओढली जाते, आणि मुळांना हवाही लागतेच. माझं फुलपात्र नेमकं उलटं करत होतं. चिखलाची माती, खाली साचलेलं पाणी, हवेला जागाच नाही. मी त्या वडाला तीन महिने रोज थोडा थोडा बुडवत होतो.

पाण्यापायी माणसं गावही सोडतात. १९२३ साली टोकियो-योकोहामा भागात महाभयंकर भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या. टोकियोतल्या बोन्सायवाल्यांनी ठरवलं की आता इथे राहायचं नाही. चांगली माती, चांगलं पाणी, मोकळी हवा शोधत ते उत्तरेला ओमिया इथे गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचं गाव वसलं. राहणाऱ्यांसाठी नियम होते: निदान दहा बोन्साय पाळायचे, घर दुमजली बांधायचं नाही, कुंपण झाडाझुडपांचं, आणि फाटक येणाऱ्यांसाठी उघडं ठेवायचं. पुढे महायुद्धात तिथल्या बऱ्याच बागा बंद पडल्या. माणसं गेली की झारी थांबते. सगळं मात्र बुडालं नाही, गाव आजही आहे.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते झाड वेगळंच. २०१९ साली मेरिलँडला आत्तेबहिणीकडे गेलो होतो. तिने एका रविवारी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात नेलं. तिथल्या बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे. खोड चांगलंच जाड, वर पसरलेला हिरवा घुमट. १६२५ पासून तबकात वाढवलेला. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या पाच वर्षं आधीपासून!

हे झाड हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा ते त्यांच्या रोपवाटिकेत होतं, स्फोटाच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर. भिंतीच्या आडोशामुळे वाचलं. घरातल्यांना फुटलेल्या काचा लागल्या, पण सगळे जगले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीला जपानने ५३ बोन्साय भेट दिले, त्यात मासारू यामाकींनी हे दिलं. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला. बॉम्बचा विषयही काढला नाही. २००१ मध्ये त्यांचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला वॉशिंग्टनला आले, तेव्हा कुठे संग्रहालयाला ही हकिकत कळली.

बहीण भिंतीबद्दल बोलत होती. ती भिंत कशी टिकली असेल, वगैरे. मी मात्र ट्रेकडे बघत होतो. भिंतीने ६ तारखेला वाचवलं, कबूल. पण पुढे? ऐन ऑगस्ट. उथळ तबक असल्या उन्हात फार दिवस दम धरत नाही. झाड जगलं, त्या अर्थी त्या महिन्यात त्या घरातलं कुणीतरी, अंगावर काचांच्या जखमा असताना, शहर जळून गेलेलं असताना, माती वाळली का हे बघायला अंगणात जात होतं आणि पाणी घालत होतं. चारशे वर्षांचे दिवस मोजले तर जवळजवळ १,४६,००० होतात. त्यातले ऑगस्ट १९४५ चे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

असो. माझ्याकडे आता दुसरा वड आहे. विटांच्या चुरीत लावलाय, बशी काढून टाकलीये. रोज सकाळी बोट खुपसून बघतो. कधी पाणी लागतं, कधी नाही. म्हणीप्रमाणे अजून एक वर्ष शिल्लक आहे.

दिवाळीत आम्ही चार दिवस गावाला जाणार, म्हणून काल शेजारच्या काकूंना सगळं समजावून सांगितलं. बोट कसं खुपसायचं, रंग कसा बघायचा, खालून वाहीपर्यंत का घालायचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रोज एक पेलाभर घातलं तर चालेल ना?"