काळी, पांढरी आणि शाळा : मुलांना शेत ओळखवण्याचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरमधील पुंडलिकनगर ज्या गारखेडा परिसरात मोडते, तो परिसर मुकुंदवाडी आणि चिकलठाण्याप्रमाणेच एकेकाळी शहराबाहेरच्या खेड्यांचा टापू होता. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, पाठोपाठ सिडकोची नगररचना आणि १९८२ साली स्थापन झालेली महानगरपालिका या टप्प्यांनी शहर पूर्वेकडे व दक्षिणेकडे सरकत गेले. शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या हिश्श्याने, विकून तिच्यावर घरे बांधण्याची जी पद्धत ‘गुंठेवारी’ म्हणून ओळखली जाते, तिचाही या वाढीत मोठा वाटा आहे. त्यामुळे अशा वस्तीतील बालवाडीत शेताची ओळख भिंतीवरच्या तक्त्यावरून करून दिली जाते, तेव्हा ती ओळख पूर्वी कशी होत असे आणि ती शाळेकडे केव्हा आली, हा प्रश्न स्थानिक इतिहासाचाच एक भाग ठरतो.

मराठी मुलखातील गावाची रचना दोन भागांत विभागलेली असे. घरे ज्या जमिनीवर उभी असत ती ‘पांढरी’ आणि जी कसली जाई ती ‘काळी’. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार दर्शन घडते. घर गावठाणात आणि शेत शिवारात असल्यामुळे मुलाला शेताकडे जावे लागे, आणि शिवाराची पहिली ओळख त्या वाटेवरच होई : ओढा, पाणंद, गायरान, कोणाचा बांध कोठे संपतो आणि कोणाचा सुरू होतो. घर, कोठार, तबेला आणि कुरण एकाच कुंपणात दाखवणारे जे चित्र इंग्रजी बालपुस्तकांतून पुढे आपल्या तक्त्यांवर आले, ते विखुरलेल्या शेतघरांच्या प्रदेशाचे आहे. मराठवाड्याच्या शिवाराशी ते फारसे जुळत नाही.

शेताचे भाग मुलांना नावांनी शिकवले जात नसत, तर वयापरत्वे सोपवलेल्या कामांतून कळत जात. लहान मूल आईबरोबर भाकरी घेऊन बांधावर येई. थोडे मोठे झाले की ज्वारी-बाजरीच्या दाण्यावर येणारी पाखरे हाकण्यासाठी हाती गोफण घेऊन माळ्यावर, म्हणजे लाकडी खांबांवर बांधलेल्या उंच बैठकीवर, चढे. मोटेची विहीर असेल तर बैल ज्या उतारावरून मागेपुढे करीत ती धाव, मोट ज्यात रिकामी होई ते थारोळे आणि तेथून निघणारा पाट यांचा परस्परसंबंध मुलाला दारे धरताना, म्हणजे एक वाफा भरल्यावर पाणी दुसऱ्याकडे वळवताना, आपोआप उमगे. यांतील काही भाग तर वर्षभर अस्तित्वातच नसत. जमीन चोपून, शेणाने सारवून केलेले खळे आणि त्याच्या मधोमध रोवलेला तिवडा हा खांब सुगीपुरताच असे. त्याच्याभोवती बैल फिरवून मळणी होई, वाऱ्यावर उपणणी होई आणि धान्याची रास पडे. सुतार, लोहार, चांभार आदी बलुतेदार आपला वाटा नेण्यासाठी येत, ते याच ठिकाणी. म्हणून खळे पाहणारे मूल शेतीबरोबर गावाची समाजरचनाही पाहत असे.

सणांनी या शिक्षणाला वार्षिक क्रम दिला. पोळ्याला मातीचे बैल मुलांच्या हाती येत, तर मराठवाड्याच्या दक्षिण भागात, विशेषतः लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला सारे घर शेतात जाते, कडब्याची कोप उभारून तीत पांडवांच्या रूपाने दगडांची पूजा होते आणि उभ्या पिकात आंबील शिंपडली जाते. ही व्यवस्था मात्र सर्वांना सारखी नव्हती. भूमिहीनांची मुले गुरे राखत आणि त्यामुळे गायरान जाणत, पण रास त्यांच्या घरी जात नसे. शिवाय राखणीला बसलेले मूल शाळेत नसे.

नेमक्या याच पेचावर जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात बोट ठेवले. ग्रामीण प्राथमिक शाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी लहानसे नमुना शेत असावे, अशी त्यांची मागणी होती. ती मुंबई इलाख्यातील शिक्षणाच्या संदर्भात मांडलेली होती. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मात्र तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आकाराला आलेल्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीने शेतीला शिक्षणाच्या माध्यमाचे स्थान दिले, परंतु तिचा मुख्य रोख शाळकरी वयाच्या मुलांवर होता.

अगदी लहान मुलांसाठी हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढे नेला. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले आणि खडे येथे साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. शेत आणि शाळा यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती येथे दूर झाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. कुरणशाळेला मात्र असा विस्तार लाभला नाही.

दरम्यान शेतच बदलले. विजेच्या पंपांनी धाव आणि थारोळे निरुपयोगी केले, मळणीयंत्राने खळे हटवले, आणि त्यांच्या जागी शेततळे, ठिबकच्या नळ्या व शेडनेट आले. शहरातील मुले आता हुरड्याच्या हंगामात सहलीने किंवा कृषी पर्यटन केंद्रात जाऊन शेत पाहतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही स्वीकारले. आगटीत भाजलेले कणीस खाणे ही खरी ओळखच आहे, पण ती एका दिवसाची आणि एका ऋतूची असते, तर जुन्या शिक्षणाचे बळ त्याच बांधावर पेरणीपासून सुगीपर्यंत पुन्हा पुन्हा जाण्यात होते. मुलांकडून राबवून घेण्याची जुनी रीत परत यावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि शेताचे भाग जागेपेक्षा ऋतूने आणि कामाने ठरतात, हे त्या रीतीतून जितके स्पष्ट होत असे, तितके ते सर्व भाग एकाच वेळी दाखवणाऱ्या तक्त्यावरून होऊ शकत नाही.