शरणपूरचं चर्च



नाशिकला गेलं की शरणपूर रोड लागतोच. कुणी दवाखान्यात जातं, कुणी कपडे घ्यायला. पण हे ‘शरणपूर’ नाव कशावरून पडलं, हे आपण कधी विचारत नाही. आज तीच गोष्ट सांगते.

या रस्त्यावर संत आंद्रिया चर्च आहे. इंग्लंडच्या अँग्लिकन पंथातल्या चर्च मिशनरी सोसायटीने १८५० नंतर नाशिकच्या वेशीबाहेर एक ख्रिस्ती वस्ती वसवली. रेव्हरंड विल्यम प्राइस तिचं काम बघत. शरण आलेल्यांचं गाव, ते शरणपूर.

त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गलबतात कोंबून गुलाम म्हणून विकायला नेत. इंग्रज आरमाराने अशी गलबतं पकडली की सुटलेल्या कितीतरी जणांना मुंबईत आणत. त्यात पोरकी मुलं-मुलीही असायची. १८६० पासून अशा मुलांना शरणपुरात ठेवू लागले. मुंबई-नाशिक वाट तेव्हाही आपल्या शहापुरावरून, थळ घाटातूनच जायची. तिथे मुलं लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली.

त्यांना आसरा मिळाला, पण नाव मात्र गेलं. बाप्तिस्मा झाला की नवं इंग्रजी नाव. बायांनो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, तेव्हा आईने हाक मारलेलं नाव कुठे जातं, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे!

त्या मुलांतला एक जेकब वेनराइट. हे नाव काही त्याच्या आईने ठेवलेलं नव्हतं. मोठा झाल्यावर तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाच्या सोबत्यांत सामील झाला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली शरणपुरात शिकलेल्या जेकबने. झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख आणि तीन सोबत्यांची नावं. स्वतःचं नाव नाही कोरलं. मग देह उन्हात सुकवून, कापडात गुंडाळून त्यांनी महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा मानकऱ्यांत जेकबही होता.

पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाचं. शरणपुरातले बरेच आफ्रिकी लोक तिकडे गेले. तिथे ते ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जात. म्हणजे आपल्या मातीत परत गेले, तर तिथे त्यांना आपल्या मुंबईचं नाव चिकटलं!

१९७० साली अँग्लिकन आणि इतर काही पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. शरणपूरचं चर्च आता त्यातच येतं.

जेकबने कोरलेला खोडाचा तुकडा लंडनमध्ये जपून ठेवलाय. आपल्या घरातल्या बायांची नावं मात्र कुठेच कोरलेली नाहीत. म्हणून एक काम करा. आज रात्री जेवणं झाली की सासूबाईंना, आजीला विचारा, तुमचं माहेरचं नाव काय हो? आणि वहीत लिहून ठेवा. आधी आपलंही लिहा.