शिकाऊ डॉक्टर समोर, मोठे डॉक्टर मोबाइलवर: ही देखरेख चालते कशी, पेशंटने काय विचारायचं?

सिव्हिलमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात गेलं की तपासायला बऱ्याचदा एखादा तरुण डॉक्टर असतो. तपासता तपासता तो मध्येच फोन लावतो, एक्स-रेचा फोटो कुणाला तरी पाठवतो, कधी व्हिडिओ कॉलवर जखम दाखवतो. नातेवाइकांच्या मनात लगेच येतं, ‘याला काही येत नाही वाटतं, आमच्यावर हात साफ करतोय.’

बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. अडल्यावर वरिष्ठांना विचारणारा शिकाऊ डॉक्टर हा न विचारता पुढे जाणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. मात्र तो कुणाला विचारतोय आणि जबाबदारी कुणाची, हे पेशंटलाही माहीत पाहिजे.

शिकाऊ डॉक्टर म्हणजे नेमके कोण?

सरकारी दवाखान्यात दोन प्रकारचे शिकाऊ डॉक्टर भेटतात.

इंटर्न: साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यास झाला की एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते. त्यातले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाकडे असतात. या काळात इंटर्न गावाकडच्या आरोग्य केंद्रातही येतात. त्यांची नोंदणी तात्पुरती असते. आजारपणाचा, फिटनेसचा किंवा मृत्यूचा दाखला ते स्वतःच्या सहीने देऊ शकत नाहीत.

डिस्ट्रिक्ट रेसिडेंट: हे एमबीबीएस पूर्ण केलेले, नोंदणी झालेले डॉक्टर असतात आणि पुढे एमडी किंवा एमएस करत असतात. २०२० मध्ये आलेल्या नियमानुसार त्यांना शिक्षणाच्या काळात ३ महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करावं लागतं. ओपीडी, वॉर्ड, अपघात विभाग आणि रात्रपाळी हे सगळं त्यात येतं.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी मात्र शिकाऊ नव्हेत. ते ‘ई-संजीवनी’वरून पेशंटला लांबच्या डॉक्टरांशी जोडून देतात. ती उपचाराची सोय आहे, शिकणाऱ्या डॉक्टरवरची देखरेख नाही.

नियम काय सांगतो?

डिस्ट्रिक्ट रेसिडेंटवर दुहेरी लक्ष असतं. पहिलं, त्याच रुग्णालयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांचं. रेसिडेंटने थेट त्यांच्या हाताखाली काम करायचं असतं. दुसरं, ज्या मेडिकल कॉलेजात तो शिकतो तिथल्या प्राध्यापकांचं. फोन किंवा इंटरनेटवरून त्यांच्या संपर्कात राहून मार्गदर्शन घ्यायचं आणि कॉलेजातल्या चर्चांना ऑनलाइन हजर राहायचं, असं नियमातच आहे.

म्हणजे कॉलेजचे सर मोबाइलवर आहेत म्हणून इथल्या तज्ज्ञांची गरज संपत नाही. मोबाइल ही जोड आहे, बदली नाही. तज्ज्ञाची जागा रिकामी असेल आणि सगळा भार फोनवर टाकला जात असेल, तर ती देखरेख अर्धीच म्हणायची.

जबाबदारी कुणाची?

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा लांबून सल्ला घेतला, तरी सल्ला घेणाराच उपचार करणारा डॉक्टर राहतो आणि उपचाराची जबाबदारी त्याचीच असते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे ‘फोनवर सरांनी सांगितलं होतं’ एवढं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत. म्हणूनच कुणाला विचारलं, किती वाजता विचारलं आणि काय ठरलं, हे केसपेपरवर लिहिणं महत्त्वाचं.

उदाहरण: साप चावलेला पेशंट

समजा, शेतात साप चावलेला माणूस रात्री रुग्णालयात आला आणि ड्युटीवर रेसिडेंट आहे. तो २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो. रक्त गोठलं नाही, तर विषाचा परिणाम रक्तावर झालाय असं समजतात. पण मण्यार किंवा नागाच्या विषाने रक्त गोठतं आणि तरीही पेशंटचा जीव धोक्यात असतो. तिथे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास लागतो.

इथे फोनवरच्या वरिष्ठांचा उपयोग होतो. व्हिडिओवर ते पेशंटला डोळे उघडायला सांगतात, सूज कुठवर चढली ते बघतात, नळी तिरपी करून दाखवायला सांगतात. विषावरची लस कधी सुरू करायची, तिची रिअॅक्शन आली तर काय करायचं, पेशंटला पुढे कधी हलवायचं, यावर दोघांत बोलणं होतं. पण सुई टोचणारा, श्वास मोजणारा आणि गरज पडली तर श्वासनलिकेत नळी घालणारा हात पेशंटजवळच लागतो. तो हात शिकाऊ असेल, तर त्याच्या शेजारी अनुभवी माणूस पाहिजे.

स्क्रीनवर काय कळतं, काय नाही?

एक्स-रे, ईसीजी, त्वचेचे आजार, जखम, रक्ताचे रिपोर्ट हे लांबून बऱ्यापैकी बघता येतं. पोट दाबून कडकपणा तपासणं, गाठ हाताला कशी लागते, बाळंतिणीची आतून तपासणी हे स्क्रीनवरून होत नाही. तिथे वरिष्ठांना शिकाऊ डॉक्टरच्या हातावर विसंबावं लागतं. तो हात किती तयार आहे, हे त्यांनी आधी प्रत्यक्ष पाहिलेलं असावं.

अमेरिकेतही हाच विचार दिसतो. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या संस्थेने २०२० पासून व्हिडिओसारख्या साधनाने त्याच वेळी ठेवलेलं लक्ष ‘थेट देखरेख’ म्हणून मान्य केलं. पण पहिल्या वर्षाच्या डॉक्टरजवळ सुरुवातीला वरिष्ठ स्वतः उभे पाहिजेत, ही अट ठेवली.

लांबून शिकवण्याचा फायदाही सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. खेड्यातले डॉक्टर व्हिडिओवर आपापल्या केस मांडायचे आणि तज्ज्ञ त्यावर मार्गदर्शन करायचे. हिपॅटायटिस-सी या काविळीच्या ४०७ पेशंटची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, तर अशा मार्गदर्शनाखालच्या ठिकाणी ५८.२ टक्के पेशंट बरे झाले होते. हे डॉक्टर शिकाऊ नव्हते, पण नियमित आणि केसनिहाय मार्गदर्शन मिळालं तर लांबचा दवाखाना मागे राहत नाही, हे त्यातून दिसलं.

पेशंट आणि नातेवाइकांनी काय विचारावं?

• ‘डॉक्टर, आपलं नाव काय? आपण इंटर्न की रेसिडेंट?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

• आज ड्युटीवर वरिष्ठ कोण आहेत? फोनवर कोणत्या डॉक्टरांना विचारलं?

• व्हिडिओवर दाखवण्याआधी आपली परवानगी घेतली का? डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचारी स्वतःहून असा सल्ला सुरू करत असतील, तर पेशंटची स्पष्ट संमती लागते. महिला पेशंटच्या बाबतीत सिस्टर किंवा घरची बाई सोबत असावी.

• फोटो आपल्याच मोबाइलवरून पाठवायला सांगितला, तर काम झाल्यावर तो गावच्या ग्रुपवर जाणार नाही याची काळजी घ्या.

• फोनवर ठरलेला उपचार केसपेपरवर लिहिला का?

• लांबचा सल्ला नको असेल, तर प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवण्याची मागणी करता येते.

छातीत दुखणं, श्वास लागणं, बाळंतपणात जास्त रक्त जाणं, साप चावणं, बेशुद्ध पडणं अशा वेळी घरून व्हिडिओ कॉल लावण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा. तिथे पोचल्यावर शिकाऊ डॉक्टरने वरिष्ठांना फोन लावला, तर त्याला बोलू द्या, आणि आधीचे कागद, चालू गोळ्या, त्रास कधी सुरू झाला ही माहिती त्याच्या हाताशी ठेवा. वरिष्ठ पहिल्यांदा हेच विचारतात.