आतषबाजी आणि गावोगावचे कायदे

आतषबाजी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. पण तिच्या कायद्यांची तऱ्हा पाहायला आम्ही वाचकांना अमेरिकेत नेतो. 3 जुलै 1776 रोजी जॉन अ‍ॅडम्स यांनी पत्नीला लिहिले की, स्वातंत्र्याचा दिवस दरवर्षी रोषणाईने साजरा व्हावा. गृहस्थ मॅसॅच्युसेट्सचे. आज त्याच राज्यात सामान्य माणसाला साधी फुलबाजी पेटविण्याचीही मनाई आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये फटाके राजरोस विकले जातात, मात्र तिथलेही एखादे गाव बंदी घालू शकते. हद्द ओलांडली की तोच माल जप्त!

यामागे मुलांची मरणे आहेत. 1903 च्या 4 जुलैच्या उत्सवापायी 466 जण दगावल्याची नोंद अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने केली. त्यांतले 406 धनुर्वाताने गेले. बहुतेकांना कोऱ्या काडतुसांच्या जखमा झाल्या होत्या. 1908 मध्ये क्लीव्हलंडच्या एका दुकानात फटाक्यांनी आग लागून माणसे गेली, तेव्हा त्या शहराने बंदी घातली. शेजारच्या गावांवर ती लागू नव्हती. केंद्र सरकारने पुढे हातफटाक्यातली दारू 50 मिलिग्रॅमवर आणली. विक्रीचा निर्णय राज्यांकडेच राहिला.

युटा राज्याने 2023 मध्ये दिवाळीतही फटाक्यांना मुभा दिली. वणव्याची भीती असलेल्या भागांत तिथल्या नगरपालिका ती नाकारू शकतात.