तळघरातल्या तबकड्या

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले पहिले डीजे आपल्या तबकड्या पाण्यात भिजत घालायचे. मधलं कागदी लेबल सुटून आलं की गाण्याचं नाव, वादकांचं नाव, कंपनी सगळंच नाहीसं व्हायचं. मग पार्टीत प्रतिस्पर्ध्यानं कितीही मान उंचावून पाहिलं तरी त्याला दिसायची ती नुसती काळी चकती. कुठल्या गाण्यावर पोरं बेभान नाचतात हे ज्याला ठाऊक, त्याचा दबदबा. ते गाणं दुकानांच्या कानाकोपऱ्यांतून हुडकून काढायला महिनोन् महिने गेलेले असत, ते फुकट कोण सांगणार?

हिप-हॉपचा इतिहास सांगताना बोलबाला होतो तो रॅपरांचा. या संगीताचा पाया मात्र तबकड्या धुंडाळणाऱ्यांनी घातला.

सुरुवात म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगतात. १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क यानं बहिणीच्या पार्टीला गाणी वाजवली. जमैकाहून लहानपणी आलेल्या या मुलाच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. फंकच्या गाण्यात मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात, ड्रमर एकटा वाजवत राहतो आणि नेमक्या त्याच वेळी नाचणाऱ्यांना चेव येतो. या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. तो जेमतेम काही सेकंदांचा. हर्कनं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर लावल्या. इकडचा ब्रेक संपला की तिकडचा सुरू. ग्रँडमास्टर फ्लॅशनं यात काटेकोरपणा आणला. ब्रेक कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून तो तबकडीवरच खडूनं खूण करायचा.

पुढचं काम यंत्रांनी केलं. १९८७मध्ये आलेल्या ‘एसपी-१२००’ या सॅम्पलरची, म्हणजे तबकडीतला तुकडा (सॅम्पल) भरून घेणाऱ्या यंत्राची, स्मृती सगळी मिळून दहा सेकंदांची. एवढ्याशा जागेत जास्त मावावं म्हणून कलाकार ३३च्या गतीची तबकडी ४५वर वाजवून भरून घेत आणि मग यंत्रात तिची गती उतरवत. त्यानं आवाज खरबरीत व्हायचा. तीच खरखर लोकांना इतकी आवडली की आजही अनेक जण ती मुद्दाम आणतात. पुढच्याच वर्षी रॉजर लिन यानं आरेखित केलेलं अकाई कंपनीचं ‘एमपीसी-६०’ आलं. त्यावर बोटांनी वाजवायच्या सोळा रबरी चौकटी. तबकडीतला ड्रमचा एकेक ठोका कापून वेगळ्या चौकटीवर ठेवायचा आणि मग आपल्याला हवा तसा नवा ताल वाजवायचा. तबकडी ऐकणारा आता वादक झाला होता.

आणि मग कोर्ट आलं. डिसेंबर १९९१मध्ये गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच चोरी न करण्याच्या बायबलमधल्या आज्ञेनं केली. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. तेव्हापासून मोठ्या कंपन्या प्रत्येक तुकड्याचा परवाना मागू लागल्या. डझनावारी सॅम्पल एकावर एक रचलेला अल्बम काढणं त्यामुळे मुश्कील झालं. या वादाची झळ मुंबईच्या संगीतापर्यंतही आली. बप्पी लाहिरींच्या संगीतातलं, लता मंगेशकरांनी ‘ज्योती’ या १९८१च्या चित्रपटासाठी गायलेलं एक गाणं २००२ साली ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अॅडिक्टिव्ह’मध्ये श्रेय न देता वापरलं गेलं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं लाहिरींचं नाव छापेपर्यंत विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

मधल्या या काळात धुंडाळण्याची कला टिकली ती छोट्या कंपन्यांच्या आश्रयानं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावचा जॉश डेव्हिस, म्हणजेच डीजे शॅडो, हा तिथल्या विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रात वाढलेला मुलगा. लंडनच्या ‘मो वॅक्स’ या लहानशा कंपनीनं त्याला हात दिला आणि सप्टेंबर १९९६मध्ये त्याचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा अल्बम निघाला. एक एमपीसी, एक टर्नटेबल, एक टेपयंत्र एवढाच सरंजाम. मित्रांचे थोडे आवाज सोडले तर सगळं दुसऱ्यांच्या तबकड्यांतून उचललेलं. गिनेसनं पुढे पूर्णपणे सॅम्पलवर उभा राहिलेला पहिला अल्बम म्हणून त्याची नोंद केली.

त्याचा कच्चा माल आला तो शेजारच्या सॅक्रामेंटो शहरातल्या ‘रेअर रेकॉर्ड्स’ या दुकानातून. अल्बमच्या मुखपृष्ठावरचा फोटो याच दुकानातला आहे. दुकानाखाली तळघर. ‘स्क्रॅच’ या २००१च्या माहितीपटात शॅडो तिथे बसलेला दिसतो. भोवती जमिनीपासून वरपर्यंत तबकड्यांच्या चळती, मध्ये कशीबशी एका माणसापुरती वाट. यातल्या बहुतेक कलाकारांचं पुढे काहीच झालं नाही, आपली तबकडीही एक दिवस अशाच ढिगात येऊन पडेल, अशा अर्थाचं तो बोलतो. दुसऱ्याचं संगीत हाताळणाऱ्यात ही नम्रता असावी लागते, आणि त्याच्या अल्बममध्ये ती ऐकू येते.

‘मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड’ ही रचना घ्या. तिच्यात लॉस एंजेलिसच्या डेव्हिड अॅक्सलरॉडच्या १९६९च्या तबकडीतला पियानो आहे, फिनलंडच्या पेक्का पोह्योला या बासवादकाचा तुकडा आहे, मेरेडिथ मंक या प्रयोगशील गायिकेचा गळा आहे. हे तिघं एका खोलीत कधी जमले नसते. शॅडोनं त्यांना एका संथ, उदास तालावर असं बसवलं की जोड कुठे आहे ते सापडत नाही. याला उचलेगिरी म्हणणाऱ्यांनी ही एक रचना तरी शांतपणे ऐकावी.

तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ब्रेक क्लाइड स्टबलफील्डनं वाजवला, आणि तो पब्लिक एनिमीपासून एल. एल. कूल जेपर्यंत कितीक रॅप कलाकारांनी घेतला. गीतकार-संगीतकार म्हणून नाव नसल्यानं स्टबलफील्डच्या वाट्याला त्याची रॉयल्टी आली नाही. परवान्याच्या कायद्यानं त्याचं काहीच भलं केलं नाही. कायदा हक्कधारकाला ओळखतो, ड्रमरला नाही. इथे मला कायद्याची बाजू लंगडी वाटते.

अॅक्सलरॉडचं मात्र वेगळं झालं. नव्वदीच्या दशकात जवळपास विस्मरणात गेलेल्या या संगीतकाराला शॅडोसारख्या धुंडाळणाऱ्यांनी पुन्हा कानावर आणलं. शॅडोचा अल्बम काढणाऱ्या त्याच मो वॅक्सनं २००१मध्ये अॅक्सलरॉडची नवी तबकडी काढली. १९६८ साली ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिलेल्या तालांवर त्यानं स्वतःच नव्यानं वाद्यमेळ रचला होता.