सालींचे सत्त्व

जुना जालना समुद्रापासून फार दूर आहे. मुंबईहून लोहमार्गाने निघून मनमाडवरून जालना गाठावयाचे म्हटल्यास सुमारे ४३५ किलोमीटर, म्हणजे जुन्या मोजणीने पावणेतीनशे मैलांच्या आसपास अंतर पडते. आणि वाटेत सह्याद्रीचा घाट चढून यावे लागते. अशा गावाच्या निमित्ताने कोलंबीच्या सालींपासून काढावयाच्या रसाचा इतिहास सांगावा, हे श्रोत्यांना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या गावी पदार्थ विपुल असतो तेथे त्याचे मोल कळतेच असे नाही. कोलंबीत खरे सत्त्व कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावरच्या चुलीइतकेच घाटमाथ्यावरच्या बाजारातही सापडते.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर कादराबाद, अशी या नगराची जुनी रचना आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे, आणि ती निराधार नाही. इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी आपल्या अखेरच्या मोठ्या मोहिमेत जालन्याच्या पेठेवर हल्ला केला, तो येथील व्यापाऱ्यांच्या संपत्तीमुळेच. त्याआधी अकबराच्या कारकीर्दीत हे ठाणे त्याच्या एका सरदाराच्या जहागिरीत होते, आणि ‘आईन-इ-अकबरी’चा कर्ता अबुल फजल काही काळ येथे राहत असे, असे जुने गॅझेटियर सांगते. अबुल फजल १५९९ मध्ये दक्षिणेत आला आणि १६०२ मध्ये उत्तरेकडे परतत असता मारला गेला. म्हणजे त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे या प्रदेशाच्या धामधुमीत गेली.

या थोर इतिहासकाराने राज्यकारभाराच्या तपशिलाबरोबर बादशाही मुदपाकखान्याचा तपशीलही लिहून ठेवला आहे. मांसाच्या पदार्थांच्या यादीत ‘यखनी’ येते. तिचे प्रमाण असे: मांस १० शेर, कांदे १ शेर, मीठ अर्धा शेर. इतर पदार्थांपुढे तूप, केशर, लवंगा, वेलदोडे यांच्या रांगा लागलेल्या असताना यखनीपुढे एवढीच तीन नावे आहेत. यखनी म्हणजे मांस व हाडे पाण्यात मंद शिजवून उतरलेला रस. ज्या दरबारात मसाल्यांना तोटा नव्हता, त्या दरबारानेही हा रस मसाल्याशिवाय ठेवला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पुढे निजामी अमलात मराठवाड्याच्या मुसलमान घरांतून यखनीचा पुलाव रूढ झाला. त्यात तांदूळ साध्या पाण्यात शिजत नाही, हाडांच्या रसात शिजतो. आणि भाताची सारी चव त्या रसावर अवलंबून असते.

ही दृष्टी केवळ मांसाहारी घरांपुरती मर्यादित होती असे मात्र नाही. होळीच्या दिवशी ज्या घरी पुरण शिजते, त्या घरी हरभऱ्याच्या डाळीवरचे पाणी कोणी ओतून देत नाही. त्याला कोठे कट म्हणतात, कोठे येळवणी. आणि त्याची आमटी पुरणपोळीइतकीच आवडीने खाल्ली जाते. मटण शिजवताना वरचे आळणी पाणी लहान मुलाला व आजाऱ्याला आधी द्यावयाचे, हा शिरस्ताही महाराष्ट्रात सर्वत्र आहे. धर्म निराळे, जाती निराळ्या, देव्हारे निराळे. परंतु शिजवलेल्या वस्तूचे सत्त्व पाण्यात उतरते आणि ते पाणी फेकणे म्हणजे अन्न फेकणे होय, याविषयी या सर्व चुलींचे एकमत आहे.

किनाऱ्यावर हाच नियम कोलंबीला लावला गेला. कोलंबी सोलली म्हणजे तिचे डोके व साल मिळून वजनाचा जवळजवळ निम्मा भाग बाजूला पडतो. निम्मे दाम ज्याला मोजले, ते उकिरड्यावर टाकणे कष्टाळू घराला परवडणारे नव्हते. म्हणून कोळ्यांच्या, प्रभूंच्या व मालवणी घरांतून डोकी आणि साली यांचा रस काढण्याची रीत पडली. कोणी ती पाट्यावर वाटून, पाणी घालून, फडक्याने गाळतात. कोणी उकळून गाळतात. तो रस कालवणात किंवा कोलंबीच्या भातात जातो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला, आणि प्रभू घरातील पाककला त्यामुळे छापील पानावर आली. परंतु सालींचा रस ही अशा रीतींपैकी आहे की जी पुस्तकापेक्षा सासूच्या हाताकडे पाहूनच अधिक शिकली गेली.

रीत सोपी आहे, तथापि तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. अर्धा किलो कोलंबी सोलली म्हणजे निघणारी डोकी व साली प्रथम थंड पाण्याने धुवावी. डोक्यावरचा टोकदार काटा मोडून काढावा आणि पाठीतला काळा दोरा वेगळा करून टाकावा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल तापवून त्यात साली परताव्या. करड्या साली लाल होऊन खमंग वास सुटला म्हणजे तीन-चार पेले पाणी, एखादा कांदा, दोन लसूण पाकळ्या व थोडे मिरे घालावे. उकळी आल्यावर वरचा फेस काढून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे आणि गाळून घ्यावे. गाळताना पळीच्या पाठीने साली दाबाव्या, कारण डोक्यातला मगज तेथेच अडकून राहिलेला असतो. हाडांप्रमाणे या साली तासन्‌तास उकळू नयेत. तसे केल्यास रसाला कडसर, चुनकट चव येते. मीठ शेवटी घालावे, कारण कोलंबी स्वतःच समुद्राचे मीठ घेऊन आलेली असते. साली त्याच दिवशीच्या असाव्या. डोक्यात पाचक रसांचे कोठार असल्याने कोलंबीचा सर्वांत आधी नासणारा भाग तोच होय. ज्यांना कोलंबी सोसत नाही त्यांनी हा रसही घेऊ नये. बाधा करणारे द्रव्य पाण्यात उतरते आणि उकळल्याने नाहीसे होत नाही.

ज्या गोष्टी गृहिणींनी डोळ्यांनी व नाकाने ओळखल्या होत्या, त्यांची कारणे शास्त्राने सावकाश शोधली. सालीचा सांगाडा ‘कायटिन’ नावाच्या द्रव्याचा असतो. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते १८११ मध्ये प्रथम आढळले, तेही अळंब्यांत. कीटकांच्या कवचावरून त्याला आजचे नाव १८२३ मध्ये मिळाले. कायटिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून साल शेवटी तशीच उरते. तिला चिकटलेले मांस, डोक्यातील मेद व अमिनो आम्ले मात्र पाण्यात उतरतात, आणि रसाची गोडी त्यांच्यापासून येते. त्या गोडीचा एक घटक ग्लुटामेट होय, हे जपानात किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रवनस्पतीच्या रसावरून ओळखले. साल लाल का होते याचेही उत्तर मिळाले. तिच्यातील रंगद्रव्य मुळात तांबडेच असते, पण प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे करडे-निळसर दिसते. उष्णतेने प्रथिन सुटले की खरा रंग प्रकट होतो. ॲस्टाझँथिन हे त्या द्रव्याचे स्वरूप कून व सोरेनसेन यांनी १९३८ मध्ये उलगडले. ते तेलात विरघळते. म्हणून साली आधी तेलात परतण्याची किनाऱ्यावरची रीत रसायनशास्त्रालाही मान्य करावी लागते.

आता पुन्हा घाट चढून जालन्याकडे यावयाचे. बर्फ नव्हता त्या काळी ताजी कोलंबी येथे पोहोचणे शक्य नव्हते. नद्या-तलावांतले लहान झिंगे भोई लोक पकडीत, तेवढीच ताजेपणाची ओळख. समुद्र येथे आला तो वाळून आला. किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडणारा बारीक जवळा वाळूवर किंवा चटयांवर पसरून कडक उन्हात वाळवला जातो. करदीही तशीच वाळते. मोठी कोलंबी मात्र सोलून वाळवतात, आणि तिला सोडे म्हणतात. मनमाडहून औरंगाबाद-जालन्यावरून हैदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि मुंबईच्या बाजाराशी जालन्याचा संबंध सुलभ झाला. मराठवाड्याच्या आठवडी बाजारांत सुकट, बोंबील व खारवलेली मासळी यांचे ढीग आजही लागतात.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. सोडे महाग, सुकट स्वस्त. सोडे श्रीमंताच्या पाहुणचाराला, सुकट कष्टकऱ्याच्या भाकरीला. परंतु सोड्यांना साल नसते, डोके नसते. सुकटाला दोन्ही असतात. बारीक जवळा सोलणे कोणालाच शक्य नसल्यामुळे तो डोक्यासालीसह वाळतो आणि डोक्यासालीसह शिजतो. तव्यावर कोरडे सुकट भाजले, त्यात कांदा, लसूण व तिखट घालून पाणी ओतले आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर तो रस्सा वाढला, की किनाऱ्यावरची गृहिणी जे सत्त्व साली उकळून मिळवते, तेच समुद्र कधी न पाहिलेल्या मजुराच्या ताटात पडलेले असते. ज्याला गरिबाचे अन्न म्हणून हिणवले गेले, त्यात कोलंबीचा अधिक चवदार अर्धा भाग शाबूत राहिला. आणि ज्याला प्रतिष्ठा लाभली, त्यातून तो काढून टाकला गेला होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. १९५३ मध्ये कोचीनहून गोठवलेल्या कोलंबीची अमेरिकेस निर्यात सुरू झाली, आणि त्यानंतर कोलंबी सोलणे हे घरातले काम न राहता कारखान्याचे झाले. ओळीने बसून कोलंबी सोलणाऱ्या हजारो स्त्रियांच्या श्रमावर हा उद्योग उभा राहिला. त्यांच्या पायाशी जमणाऱ्या सालींचे काय करावे, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहिला. काही सालींपासून आज कायटिन व त्यापासून होणारे कायटोसन काढतात, काहींचा चुरा जनावरांच्या खाद्यात जातो, उरलेल्या कुजतात. इकडे बर्फाच्या पेट्यांतून समुद्राची कोलंबी मराठवाड्यातील शहरांतही येऊ लागली आहे. म्हणजे जालन्याच्या गृहिणीला आज अशी वस्तू मिळू शकते, जी तिच्या आजीने कधी हातात धरली नसेल. परंतु ती सोललेली घेतली, अथवा घरी आणून सोलून साली केरात टाकल्या, तर आजीच्या ताटातल्या सुकटात जे होते, ते नातीच्या ताटातून नाहीसे होते.

ही हानी केवळ चवीची नाही. वस्तू पूर्ण वापरावी, मोजलेल्या दामाचा शेवटचा अंश पदरात पाडून घ्यावा, आणि जो जीव अन्नासाठी घेतला त्याचा कोणताही भाग निष्कारण वाया जाऊ देऊ नये, ही एक नीती आहे. ती कोणत्याही एका जातीची किंवा धर्माची मिरास नव्हे. बादशाही मुदपाकखान्यातील यखनीत ती होती, होळीच्या कटाच्या आमटीत आहे, कोळणीच्या पाट्यावर आहे आणि मजुराच्या सुकटातही आहे. जुन्या जालन्याच्या चुलीला समुद्राचे सान्निध्य कधी लाभले नाही, तरी यखनी, कट आणि सुकट यांमुळे या नीतीची ओळख तिला पूर्वीपासूनच आहे. ताजी कोलंबी आता त्या चुलीजवळ आली आहे. सालींचे पातेले चढवण्यास लागतात ती फक्त वीस मिनिटे.