पापाला नाव कुणी द्यायचं? पंडिता रमाबाईंची 'साक्ष' वाचताना

पंडिता रमाबाईंच्या बाप्तिस्म्याची तारीख कुठल्याही चरित्रात सापडते: २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधलं वाँटेज गाव, तिथला सेंट मेरी द व्हर्जिन हा अँग्लिकन जोगिणींचा मठ, आणि सोबत जेमतेम अडीच वर्षांची मनोरमा. पण खुद्द रमाबाईंना ही तारीख पुरेशी वाटत नव्हती. १९०७ साली केडगावहून त्यांनी इंग्रजीत एक छोटं आत्मकथन छापलं. अभ्यासक त्याला नुसतं 'टेस्टिमनी' म्हणतात, म्हणजे साक्ष. त्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं जावी लागली. म्हणजे १८९१ च्या आसपास. आणि ती भेट कशामुळे झाली? तर स्वतःच्या पापाची जाणीव झाली म्हणून.

आता संशोधक म्हणून तुम्ही कोणती तारीख धराल? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण धर्मांतराच्या कुठल्याही अभ्यासात तो दारातच उभा असतो. घटना १८८३ ची, कथन १९०७ चं. मधल्या चोवीस वर्षांत शारदा सदन निघालं, १८९३ चा वाद झाला, दोन दुष्काळ आले, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०७ च्या रमाबाई १८८३ च्या रमाबाईंबद्दल बोलतात तेव्हा त्या साक्षीदारही असतात आणि संपादकही.

आपल्याकडच्या बऱ्याच लेखनात यावर एक सोपा उपाय केलेला दिसतो. १८८० च्या दशकातल्या रमाबाई घ्यायच्या: 'स्त्रीधर्मनीति' लिहिणाऱ्या, हंटर कमिशनपुढे साक्ष देणाऱ्या, 'द हाय कास्ट हिंदू वूमन' लिहिणाऱ्या. नंतरच्या, पाप-क्षमा-तारण अशी भाषा बोलणाऱ्या रमाबाई मात्र आदराने बाजूला ठेवायच्या. समाजसुधारक हवी, भाविक नको. मला हे पटत नाही. ज्या बाईने आयुष्याची शेवटची तीस वर्षं एका शब्दाभोवती काढली, तो शब्द वगळून तिचा इतिहास लिहिता येत नाही. तो शब्द म्हणजे पाप. त्याचा अर्थ तिच्यासाठी काय होता हे पाहायचं तर कागद काळानुसार लावून वाचावे लागतात.

सुरुवात पत्रांपासून करू. इंग्लंडमधल्या काळात रमाबाई आणि त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यात भरपूर पत्रव्यवहार झाला. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो खंड १९७७ मध्ये निघाला. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बहुधा असेल. एक सावधगिरी मात्र बाळगा. ही पत्रं आधी जेराल्डिनबाईंनीच जमवून लावली होती आणि त्यांना स्वतःची बाजूही मांडायची होती. त्या पत्रांत रमाबाई भांडतात. त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर, चर्चच्या अधिकारावर, खाण्यापिण्यावरसुद्धा. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती लगेच दुसऱ्याच्या जोखडात घालणार नाही, हा त्यांचा सूर. आणि जेराल्डिनबाई त्यांना पुन्हा पुन्हा काय सांगतात? तुझ्यात हट्ट आहे, अहंकार आहे, तो सोड. म्हणजे रमाबाईंचं पाप कोणतं हे इथे दुसरी बाई ठरवते आहे. रमाबाई ते मान्य करत नाहीत.

याच काळातली एक गोष्ट 'टेस्टिमनी'त येते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जोगिणींनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं काम दाखवायला नेलं. ज्यांना त्या काळी 'पतित' म्हणत अशा बायकांना तिथे आसरा मिळत होता, त्यांची शुश्रूषा होत होती. रमाबाईंना प्रश्न पडला की या लोकांना हे का करावंसं वाटतं? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली गेली: येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे झालेली, सध्या ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नसलेली. येशू तिला हे सगळं तोंडावर सांगतो, पण झिडकारत नाही. तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि धर्मातली सगळ्यात खोल चर्चा तिच्याशीच करतो. रमाबाई लिहितात की इथे त्यांना काहीतरी वेगळं आहे हे उमगलं. अशा बायकांसाठी असं काही केलेलं त्यांनी आपल्या देशात पाहिलं नव्हतं.

लक्षात घ्या, इथेही पाप आहे आणि क्षमा आहे, पण पाप दुसऱ्या कुणाचं तरी आहे. फुलमच्या बायकांचं, विहिरीवरच्या बाईचं. रमाबाई अजून बघणाऱ्याच्या जागी उभ्या आहेत. दयेने हललेल्या आहेत, पण कठड्याच्या अलीकडे.

कठडा ओलांडायला आठ वर्षं लागली. त्यांच्या सांगण्यानुसार आपला विश्वास नुसता बुद्धीचा होता आणि भरवसा बाप्तिस्म्यासारख्या विधींवर होता हे त्यांना कळून चुकलं. यात एका पुस्तकाचा हात होता. विल्यम हॅस्लम हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा पाद्री १८५१ साली स्वतःच प्रवचन देता देता बदलला. लोकांना सांगतोय ते आपल्यालाच मिळालेलं नाही हे त्याला प्रवचनपीठावर समजलं. त्याचं आत्मवृत्त रमाबाईंनी वाचलं आणि आपलंही तसंच आहे हे त्यांना जाणवलं. हॅस्लम पाद्री असून, आपण पंडिता असून! मग निराशा, आपण पवित्र देवासमोर उभं राहायला लायक नाही ही खात्री, आणि शेवटी काहीही न कमावता क्षमा मिळते या भरवशाने आलेली शांती.

इथे तुमच्यातला हुशार विद्यार्थी हात वर करेल: हा तर साचा आहे! अगदी बरोबर. इव्हँजेलिकल आत्मकथनांचा हा ठरलेला क्रम असतो: आधी वरवरचा धर्म, मग पापाची टोचणी, मग हताशा, मग शरण जाणं, मग सेवा. मराठीत बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' (१८८८) याच्याशेजारी ठेवून वाचा, तुलना करायला मजा येईल. पण साचा सापडला म्हणजे काम संपलं असं नसतं. साचा सगळ्यांना सारखाच मिळतो. त्यात कोण काय ओततं ते पाहायचं. हॅस्लमच्या साच्यात इंग्लिश पाद्र्याची पोकळ धार्मिकता ओतलेली आहे. रमाबाईंच्या साच्यात काय आहे?

त्यासाठी १८८७ च्या 'द हाय कास्ट हिंदू वूमन'कडे परत जावं लागतं. त्यातलं विधवांबद्दलचं प्रकरण पापाच्या दृष्टीने वाचा. रमाबाई सांगतात की वैधव्य हे त्या बाईच्याच मागल्या जन्मीच्या पापाचं फळ मानलं जातं. आठ-दहा वर्षांच्या पोरीला नवरा गेल्यावर घरचे सांगतात की तूच त्याला खाल्लंस. कोणतं पाप? तिला आठवत नाही, आठवणं शक्यच नाही. ते कबूल करता येत नाही, कारण ते ठाऊकच नाही. आणि त्याची शिक्षा मात्र रोजची: डोक्यावरचे केस, अंगावरचं लुगडं, ताटातलं एक वेळचं जेवण. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये, चोविशीच्या आतबाहेर, विधवा झालेल्या होत्या.

माझा मुद्दा इथे आहे. रमाबाईंना पाप ही कल्पना वाँटेजला भेटली नाही. ती घरातूनच आली होती, पण लादलेली. मागल्या जन्माचं पाप समाज सांगत होता, अहंकाराचं पाप जेराल्डिनबाई सांगत होत्या. १९०७ च्या कथनात पहिल्यांदा त्या पापाला स्वतः नाव देतात, आणि गंमत म्हणजे ते नाव यांपैकी कुणाचंच नाही. वैधव्य नाही, हट्टही नाही. देवावर विसंबायचं सोडून विधींवर आणि स्वतःच्या बुद्धीवर विसंबले, असं त्या म्हणतात. ज्या पापाला मीच नाव दिलं, ते मी कबूल करू शकते. जे कबूल करता येतं त्याची क्षमा होऊ शकते, आणि तीही याच जन्मी. विधवेच्या तोंडी 'मी पापी आहे' हे वाक्य आणि विधवेला ऐकवलेलं 'तू पापी आहेस' हे वाक्य, दोन्हींत शब्द तोच असला तरी गोष्ट वेगळी आहे.

अर्थात रमाबाईंचं सगळं जसंच्या तसं घेऊ नका. हिंदू शास्त्रांत स्त्रीला आशाच नाही असं त्या ठासून मांडतात तेव्हा त्या वाद घालत असतात. प्रायश्चित्ताची मोठी परंपरा त्यांना पाठ होती. वारकरी संतांनी स्वतःला पतित म्हणवून विठ्ठलाला शरण जाणं, जनाबाईपासून बहिणाबाईपर्यंत बायकांनी ते करणं, याला त्यांच्या कथनात जागाच नाही. पुराणिक ब्राह्मण घरात, तीर्थाटनात वाढलेल्या मुलीला धर्म दिसला तो तीर्थ, दान, उपास यांच्या रूपात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले तेव्हा तो धर्म उपयोगी पडला नाही. कथन त्या अनुभवातून आलेलं आहे, तुलनात्मक धर्माभ्यासातून नव्हे.

आता केडगाव. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुली, त्यात बालविधवाही. वेल्समधल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या ऐकून १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनागट सुरू केले. जूनच्या अखेरीला एकदम उद्रेक झाला. मुली मोठमोठ्याने रडत आपापली पापं कबूल करू लागल्या. ३० जूनच्या प्रसंगाचं वर्णन सांगतं की रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या, तेव्हा हे सुरू झालं. तो अध्याय उघडून पाहा. पहिल्या अकरा वचनांत व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट आहे: तिला दगड मारायला जमलेले पुरुष, आणि तुमच्यापैकी निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा असं सांगणारा येशू. वृत्तान्तात फक्त अध्यायाचा आकडा आहे, वचनांचा नाही, तेव्हा त्यावर प्रबंधाचं प्रकरण उभारू नका. पण ज्या मुलींना जन्मभर दगडच बसले होते, त्यांच्यासमोर तो अध्याय उघडा होता, इतकं म्हणायला हरकत नाही.

या मुलींचा आवाज ऐकू येणं अवघड आहे. जे आहे ते बहुतेक मिशनऱ्यांच्या इंग्रजीत, परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेलं. शिवाय शेकडो अनाथ मुली एका आवारात, एका बाईंच्या छत्राखाली राहत असताना 'आपखुशीने कबुली' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न उरतोच. जेराल्डिनबाईंना नकार देऊ शकणाऱ्या रमाबाईंकडे पांडित्य होतं, नाव होतं. केडगावच्या मुलीकडे रमाबाईंना नकार देण्यासाठी काय होतं? यावर मिशनचंच नियतकालिक 'मुक्ती प्रेअर बेल' बारकाईने वाचण्यासारखं आहे. कबुलीनंतर मुली काय करताना दिसतात, कुठे जातात, कोण शिकवायला लागतं, कोण गावोगाव फिरतं, याच्या नोंदी वर्णनांपेक्षा जास्त बोलतात.

आणि मिशनच्या आवाराचा नकाशा वाचायला विसरू नका. शारदा सदन, मुक्ती सदन ही नावं आपल्याला माहीत असतात. त्यांच्याबरोबर आणखी एक घर होतं, फुलमला पाहिलं होतं तशाच बायकांसाठी. रमाबाईंनी त्याच्या नावात 'पतित'ही ठेवलं नाही आणि 'उद्धार'ही नाही. त्या घराचं नाव कृपासदन.